गल्लीतून स्टँडपर्यंत : गाडी न चालवणाऱ्यांसाठी कॉलनीची गाडी सुरू करता येईल का?

बोरीकाठ

नमस्कार मंडळी. आम्ही अमळनेरला गावाबाहेरच्या एका कॉलनीत राहतो. वीसेक वर्षांपूर्वी प्लॉट परवडले म्हणून सगळ्यांनी इथे घरं बांधली. तेव्हा सगळे चाळिशीत होते, दारात स्कूटर उभी असायची, गाव लांब वाटायचं नाही. आता मुलं पुण्याला, सुरतेला, नाशिकला. स्कूटर कव्हर घालून अंगणात, आणि चालवणाऱ्याचे गुडघे नाहीतर डोळे गेलेले. बायकांपैकी बऱ्याच जणी कधी शिकल्याच नाहीत, माझ्यासकट.

मागच्या गुरुवारची गोष्ट सांगते. शेजारच्या काकू, वय ७४, डोळे तपासायला गेल्या. सकाळी समोरच्या मुलाने मोटरसायकलवरून सोडलं आणि तो कॉलेजला गेला. तिथे डोळ्यांत बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातले. बाहेर पडल्या तेव्हा साडेबारा. उन्हात काही दिसेना, रिक्षावाला एकट्या सवारीचे पूर्ण भाडे मागत होता, म्हणून पदर डोळ्यांवर ओढून भिंतीच्या कडेकडेने चालत आल्या. माझ्या ओट्यावर टेकल्या तेव्हा एका चपलेचा पट्टा तुटलेला होता आणि औषधाची पिशवी छातीशी घट्ट धरलेली होती. पाणी दिलं तर ग्लास दोन्ही हातांनी धरला. "जावाले कोनी बी सोडस, पन लेवाले कोनी येत नही," एवढंच बोलल्या.

ते वाक्य डोक्यातून जात नाही. जायची सोय होते हो. परतीची होत नाही, आणि परतीची खात्री नाही म्हणून माणसं जायचंच टाळतात.

तर प्रश्न असा. कॉलनीतून सुरतेला गेलेले एक गृहस्थ त्यांची जुनी ईको व्हॅन कॉलनीला देऊन टाकायला तयार आहेत. आठवड्यातून तीन दिवस गावात दोन-तीन फेऱ्या कराव्यात, पेट्रोलपुरती वर्गणी काढावी असं मनात आहे. गाडी घ्यावी का? कोणी असं चालवलं आहे का? अनुभव सांगा.

केळीबाग

ताई, उद्देशाला सलाम. पण गाडी घेऊ नका, कळकळीने सांगतो.

आमच्या रावेर तालुक्यातल्या गावात हेच केलं होतं. एका बागायतदाराने वडिलांच्या नावाने ओम्नी दिली. पहिले तीन महिने दिवाळी होती. गावातली चार पोरं आळीपाळीने चालवायची. मग केळीची कटाई सुरू झाली आणि पोरं बागेत. एक दिवस दोन आजोबा दवाखान्याच्या पायरीवर दोन तास बसले, कारण आणायचा नंबर कोणाचा हेच ठरलेलं नव्हतं. त्यानंतर त्यांनी गाडीत पाय ठेवला नाही. टायर गेले, विम्याची तारीख गेली, कोण भरणार यावर पारावर दोन बैठका झाल्या आणि तेवढ्यावरच थांबलं. गाडी दोन वर्षं शाळेच्या भिंतीला उभी होती. तिच्यावर भोपळ्याचा वेल चढला होता, खोटं सांगत नाही.

गाडी मिळणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. चालवणारा आणि फोन उचलणारा कोण, ते आधी ठरवा.

सहज_वाचक

वाचतोय. चाळीसगावला आमच्या भागात हाच प्रश्न आहे.

पिवळी_पाटी

वाहनांच्या कागदपत्रांचं काम करतो, म्हणून नियमापुरतं लिहितो.

देणगीची ईको पांढऱ्या पाटीची असणार, म्हणजे खाजगी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ६६ प्रमाणे परवान्याशिवाय प्रवासी वाहतूक करता येत नाही. पकडलं तर कलम १९२अ लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळेला दंड १०,००० रुपये, कैदेचीही तरतूद आहे.

दंडापेक्षा विमा जास्त महत्त्वाचा. खाजगी गाडीची पॉलिसी भाडं घेऊन माणसं नेण्यासाठी नसते. अपघात झाला आणि पैसे घेत होतात असं निघालं, तर भरपाई मालकाच्या अंगावर येऊ शकते. म्हणजे ज्यांनी भल्या मनाने गाडी दिली त्यांच्यावर, किंवा ज्याच्या नावावर ती कराल त्याच्यावर.

बोरीकाठ

पण आम्ही तिकीट फाडणार नाही. महिन्याची वर्गणी घेणार. तरीही?

पिवळी_पाटी

तरीही. प्रवासाच्या बदल्यात पैसे येतात की नाही हे बघितलं जातं, त्याला नाव काय दिलं ते नाही. अगदी फुकट, शेजारधर्म म्हणून कोणी आपल्या गाडीतून नेलं तर गोष्ट वेगळी.

सरळ रस्ता सांगतो. परवाना, फिटनेस, विमा सगळं चालू असलेली पिवळ्या पाटीची गाडी किंवा रिक्षा महिन्याच्या कराराने लावा. कायद्यात कंत्राटी वाहन आणि टप्पा वाहन असा फरक आहे. तुम्ही सगळ्यांनी मिळून पूर्ण गाडी ठरवली आणि ती तुमचीच माणसं नेते-आणते, तर ते कंत्राटी. वाटेत हात दाखवेल त्याला बसवून सुट्टं भाडं घेतलं की तो टप्पा झाला, त्याला वेगळा परवाना. चालकाला हे स्पष्ट सांगा.

दुसरा पर्याय बॅटरीची गाडी. बॅटरीवरच्या प्रवासी वाहनांना केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१८ मध्ये परवान्यातून सूट दिली आहे. नोंदणी, फिटनेस, विमा, लायसन्स मात्र लागतंच. ई-रिक्षात चारच प्रवासी आणि वेग ताशी २५ किलोमीटर, पण कॉलनी ते गाव एवढ्यासाठी पुरे.

तीनचाकी

मी रिक्षा चालवतो. गाव सांगत नाही, पण खान्देशातच. धागा माझ्या मुलीने दाखवला, तीच टाइप करतेय.

ताईंनी लिहिलं की रिक्षावाला पूर्ण भाडं मागत होता. मला लागलं ते. गावाबाहेरच्या कॉलनीत सवारी सोडली की परत येताना रिक्षा रिकामी येते. गॅस दोन्हीकडे जळतो. आम्ही म्हाताऱ्या माणसाला लुटायला बसलेलो नाही. आणि आता तुम्ही फुकटाची गाडी आणणार, म्हणजे कॉलनीची होती-नव्हती ती सवारी पण गेली. हप्ता कोण भरणार माझा?

पण पिवळी पाटीवाले साहेब म्हणतात ते पटलं. मी सकाळी साडेसातला शाळेची पोरं सोडतो. त्यानंतर साडेबारापर्यंत स्टँडवर नंबर लावून बसतो. कधी दोन सवाऱ्या मिळतात, कधी एक. मे महिन्यात शाळा बंद, तेव्हा तर विचारू नका. कोणी म्हणालं की सोमवार, गुरुवार, शनिवार नऊ ते साडेबारा तुझे, दिवसाचे एवढे पक्के, तर मी डोळे झाकून हो म्हणेन. आणि आजीला दारापर्यंत हात धरून सोडेन, कारण मला पण आई आहे.

केळीबाग

@तीनचाकी, भाऊ, एक नंबर बोललात. आमच्या ओम्नीच्या वेळी रिक्षावाल्यांना कोणी विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तर आज गाडी चालू असती.

निवृत्त_वाहक

तीस वर्षं एसटीत घंटी वाजवली. दोन गोष्टी सांगतो.

पहिली. धुळ्याला, जळगावला जायची चिंता तुमच्या गाडीने करू नये. ७५ पूर्ण झालेल्यांना २६ ऑगस्ट २०२२ पासून राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ अर्धं तिकीट, आणि १७ मार्च २०२३ पासून बायकांना सरसकट अर्धं. आधार कार्ड जवळ ठेवा. सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच, सुरतेला नातवाकडे निघालेल्यांनी हे ध्यानात ठेवावं. तर लांबचा प्रवास फुकट, आणि घरापासून स्टँडपर्यंतचे दोन किलोमीटर मात्र पन्नास-साठ रुपयांचे. तुमची गाडी या दोन किलोमीटरसाठी हवी.

दुसरी. वेळ ठरली की ठरली. गाडीत एक माणूस असो की कोणी नसो, नऊची फेरी नऊला निघाली पाहिजे. आज कोणी नाही म्हणून सोडली की पुढच्या वेळी माणूस घरूनच निघत नाही. एकेका पाड्यावर एका म्हातारीसाठी गाडी वळवलेली आहे मी. ती रोज येत नव्हती, पण गाडी रोज येते हे तिला माहीत होतं.

दर_सोमवार_गुरुवार

वडिलांचं डायलिसिस चालू आहे, आठवड्यातून दोनदा, चार-चार तास. अशा पेशंटला कॉलनीच्या फेरीत बसवू नका. जाताना चालतात, येताना कधी कधी बीपी इतका खाली येतो की बसवत नाही. सुटायची वेळही पुढे-मागे होते. त्यांच्यासाठी स्वतंत्र रिक्षा सांगा आणि वर्गणीतून थोडी मदत करा. आणि छातीत दुखणं, पक्षाघात यासाठी कोणीही कॉलनीच्या गाडीची वाट बघू नये, थेट १०८.

खापरावरचे_मांडे

थोडं अवांतर. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माझी आत्या माहेरी यायची, पंचाहत्तरीपर्यंत आली. माहेर म्हणजे त्याच गावात, चार गल्ल्या पलीकडे! पण झोका, गाणी, पुरणाचे मांडे, सगळं माहेरीच. मग पाय गेले. शेवटची तीन वर्षं आम्ही डबा पोचवला, आत्याला आणलं नाही. कोणाच्या ध्यानातच आलं नाही की रिक्षा करून तिला आणता आलं असतं. दवाखान्याला सगळे नेत होते.

म्हणून ताई, फक्त दवाखान्याचा नियम करू नका.

हिशोब_वही

इथे थोडा असहमत. पैसा थोडा, फेऱ्या थोड्या. भजनाला जाणाऱ्या तिघांनी जागा अडवली आणि चौथ्याची रक्तातली साखर तपासायची राहिली, तर? आधी दवाखाना, बँक, रेशन. जागा उरली तर बाकीचं.

खापरावरचे_मांडे

पण कोणाची गरज मोठी हे ठरवायला बसलं की म्हातारी माणसं मागतच नाहीत. "राहू दे, मी काय, घरीच बरी." हे वाक्य प्रत्येक घरात ऐकलं असेल तुम्ही.

निवृत्त_वाहक

शनिवार मोकळा ठेवा. त्या दिवशी कारण विचारायचं नाही. भांडण मिटलं.

हिशोब_वही

हे मान्य.

चाकांवरचा_धुळेकर

वय ३१, व्हीलचेअर वापरतो. धाग्यात आजी-आजोबाच आलेत, म्हणून लिहितो. गाडी न चालवणारे आम्हीही आहोत. फिट येणारे आहेत, नजर अधू असलेले आहेत. त्यांना पण यादीत घ्या.

बसवण्याबद्दल. बहुतेक लोक मदत म्हणून काखेत हात घालून ओढतात. असं करू नका, खांदा निखळतो आणि माणूस घाबरतो. आपला हात कोपरापासून पुढे आडवा धरा आणि त्यांना धरू द्या, ओढायचं नाही. कधी उठायचं ते त्यांनी ठरवायचं. घडीची व्हीलचेअर रिक्षाच्या मागच्या जागेत मावते, पण चालकाला घडी घालायची एकदा शिकवा. माझी खुर्ची तीन वेळा जबरदस्तीने मिटवून बिघडली आहे.

आणि चढायला पायरी ठेवा काहीतरी. गुडघेवाल्यांचं सगळं अडतं ते तिथेच.

सातपुडा_पाऊस

धडगावकडून. तुमच्या कॉलनीचं बघून बरं वाटलं, पण डोंगरात गणित वेगळं आहे. बाजाराच्या दिवशी जीप खच्चून भरून येतात-जातात. बाकीच्या दिवशी पाड्यावरून डांबरी रस्त्यापर्यंत उतरायलाच दीड तास. तिथे फेरी ठरवायची तर ती बाजाराच्या दिवसालाच जोडावी लागते. दवाखाना, बँक, रेशन सगळं त्याच दिवशी करतात लोक. बाजार नसेल त्या दिवशी गाडी ठेवली तर रिकामीच येईल. म्हणून तुमच्याकडेही आधी बघा की लोक कुठल्या वारी गावात जातात.

लीड्सचा_पाचोरेकर

मूळचा पाचोऱ्याचा, सध्या इंग्लंडात. इथे अशा गाड्यांना कायद्यातच जागा आहे. १९८५ च्या वाहतूक कायद्यातल्या कलम १९ आणि कलम २२ खाली नफा न कमावणाऱ्या संस्थांना छोट्या बस चालवायला वेगळा परवाना मिळतो. १९ चा फक्त आपल्या सभासदांसाठी किंवा ठरावीक गटासाठी, २२ चा कोणालाही बसता येईल अशा मार्गावर. चालक पुष्कळदा निवृत्त माणसं, बिनपगारी. आदल्या दिवशी फोन करायचा, दारात गाडी येते. मी दोन वर्षं शनिवारी फोनवर बसायचो. शिकलो ते हे, की फोन उचलणारा माणूस बदलता कामा नये. आजी लोक गाडीला नव्हे, ओळखीच्या आवाजाला फोन करतात.

आपल्याकडे असा वेगळा परवाना असता तर ताईंना ही कसरत करावी लागली नसती. आमदारांकडे मागायला हरकत नाही.

पाचोरा-जामनेर पीजे, आमची छोटी रेल्वे, आठवली. २०२० च्या लॉकडाउनमध्ये थांबली ती. तिच्या डब्याची पायरी इतकी खाली होती की आमची मोठी आई काठी टेकत स्वतः चढायची.

बोरीकाठ

सगळ्यांचं मनापासून आभार. ईकोला नाही म्हटलं. त्या गृहस्थांना धागा वाचायला दिला, त्यांना पटलं. पुढे काय होतं ते कळवते.

बोरीकाठ (पाच महिन्यांनी)

धागा वर काढतेय, कारण कळवायचं राहिलं होतं.

आमची फेरी एप्रिलपासून चालू आहे. ३४ घरांनी महिना २०० रुपये द्यायचं कबूल केलं, म्हणजे ६,८००. गावातल्या एका रिक्षावाल्या दादांशी लेखी करार केला, सोमवार-गुरुवार-शनिवार, महिन्याचे साधारण १३ दिवस, दिवसाचे ५००. म्हणजे ६,५००. उरलेल्या ३०० मध्ये फोनचं रिचार्ज आणि थोडी शिल्लक. ज्या घरात गाडी चालवणारं माणूस आहे अशाही अकरा घरांनी वर्गणी दिली. एक जण म्हणाले, "माझीही पाळी येणारच आहे." सुरतेच्या गृहस्थांनी ईको विकली आणि त्यातून आमच्या तीन घरांची वर्षाची वर्गणी भरली. त्या घरांना ते कोणी भरलं हे सांगितलेलं नाही.

रिक्षात तिघंच बसतात. नऊ, साडेनऊ, दहा या जायच्या फेऱ्या. अकरा, साडेअकरा, बारा परतीच्या. परतीची जागा एकच, स्टँडजवळच्या एका औषध दुकानाची पडवी, कारण तिथे सावली आहे आणि बाकडं आहे. दुकानदारांनी माठ ठेवला. मे महिन्यात ४४ अंशांच्या वर गेलं तेव्हा सगळं एक तास अलीकडे आणलं, शेवटची परतीची अकराला.

फोन माझ्याकडेच आहे. नंबर मोठ्या अक्षरांत पुठ्ठ्यावर लिहून प्रत्येकाच्या देव्हाऱ्याजवळ लावला, कारण सगळ्यांची नजर तिथे रोज जाते. मिस्ड कॉल दिला की मी फोन करते आणि वहीत लिहिते.

चुकलंही. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात कॉलनीच्या तोंडाशी चिखल झाला, रिक्षा फसली आणि तीन माणसं पाऊण तास अडकली. मी घरी होते, माझा फोन चार्जिंगला आतल्या खोलीत. ओरडा खाल्ला आणि तो रास्त होता. आता परतीच्या वेळेला मी फोन हातात घेऊन ओट्यावर बसते. शेवटचा माणूस घरात शिरेपर्यंत आत जात नाही.

पहिले दोन आठवडे नऊच्या फेरीला कोणीच नव्हतं. दादा म्हणाले, ताई, उद्यापासून साडेनऊलाच येतो. मला निवृत्त वाहक काकांचं म्हणणं आठवलं. म्हटलं, नाही, रिकामी न्या. तिसऱ्या आठवड्यात दोघं आले. आता नऊचीच फेरी आधी भरते.

शनिवारचं सांगते. कारण विचारायचं नाही असं ठरलं होतं, म्हणून मी विचारत नाही. पण वहीत जागा लिहावी लागते ना. मंगळग्रह मंदिर तर आहेच, मंगळवारी चुकलेलं दर्शन काही जण शनिवारी भरून काढतात. पलीकडच्या गल्लीतले अप्पा दर शनिवारी एका दुकानाचं नाव लिहून देतात. मला वाटलं बी-बियाणं घेत असतील. दादांकडून कळलं, तिथे त्यांचा शाळेपासूनचा मित्र बसतो, दोघं तासभर बोलतात आणि अप्पा परत येतात. आणि आमच्या चपलेवाल्या काकू. त्यांची धाकटी बहीण गावाच्या दुसऱ्या टोकाला राहते, चार किलोमीटर असेल. तीन वर्षांत भेट नव्हती, फोनवरच बोलणं. पहिल्या शनिवारी गेल्या. येताना पदराखाली झाकून बहिणीने केलेली कळण्याची भाकरी आणि भरीत आणलं, त्यातलं अर्धं माझ्या हातात दिलं.

नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बँकेच्या जास्तीच्या फेऱ्या लागतील. त्याचं नियोजन सुरू आहे. पेन्शनर किती आहेत त्याची यादी केली, १९ निघाले. त्यातल्या कोणाला मोबाइलवरून जीवन प्रमाण, म्हणजे हयातीचा डिजिटल दाखला, करता येईल ते कॉलनीतल्या दोन मुली घरोघरी बसून बघणार आहेत, म्हणजे ज्यांना ते जमणार नाही त्यांच्यासाठी फेरीत जागा राहतील.

तीनचाकी

ताई, वाचून आनंद झाला. आमच्याकडे पण एका कॉलनीला विचारलं. गुरुवारपासून चालू करतोय.

केळीबाग

डोळे भरून आले. ओम्नीवाल्या आमच्या मंडळींना हा धागा पाठवला आहे.

चाकांवरचा_धुळेकर

आणि पायरीचं काय केलं?

बोरीकाठ

अरे हो, तुमच्यामुळेच झाली ती. आधी घरातला लाकडी पाट ठेवला, तो खडीवर डुलायचा. मग गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी स्टूल करून घेतलं. उंची ६ इंच, वरची फळी १५ बाय १२. पाय थोडे बाहेर फाकवलेत, म्हणजे कडेला पाय पडला तरी उलटत नाही. वर जुन्या टायरचा तुकडा स्क्रूने बसवला, घसरू नये म्हणून. बाजूला दोरीची मूठ आहे, दादा तिला धरून स्टूल आत ओढतात आणि पायाशी ठेवतात. दादांनी स्वतःहून रिक्षाच्या दांड्याला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली. उन्हात लोखंड हाताला पोळतं, धरणारा हात सोडतो आणि पडतो, हे त्यांच्याच लक्षात आलं.

सहज_वाचक

माप लिहून घेतलं. उद्याच वेल्डिंगवाल्याकडे जातो.